रणमामा

ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये पडद्यावर फोटो होता. चहूकडे पांढरंशुभ्र मीठ, वर निळं आकाश आणि मधोमध पाठमोरे उभे आमचे मामा. कानांवरून मफलर, खांद्याला खाकी झोळी. व्याख्यानाचा विषय होता 'वाळवंटात एकट्याने'. मामा आवाज खाली आणून म्हणाले, "इथं नजर जाईल तिथपर्यंत चिटपाखरू नाही. मी, मीठ आणि आकाश." हॉल शांत झाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हात वर केला.

"मामा, फोटो कुणी काढला?"

मामांनी चष्मा पुसला. "तो एक उंटवाला होता." पुढचा फोटो आला. वाळूची टेकडी, टेकडीवर एकटे मामा. "आणि हा?" "हा कोलकात्याच्या एका कुटुंबाने." पुढे किल्ल्याच्या तटावर एकटे मामा. "हा जवानाने." त्यानंतर उजाड गावाच्या वेशीत एकटे मामा. "हा... रिक्षावाल्याच्या मेव्हण्याने." लोक आता रांगेनं विचारायला लागले होते. अखेर पडद्यावर नुसती वाळू आली, माणूस कुणीच नाही, तेव्हा मामा उसळून म्हणाले, "हा मी काढलाय!" त्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात मामांचा अंगठा आला होता.

तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात मामा वरच्या मजल्यावर राहतात. माझे सख्खे नव्हेत; गल्लीतल्या सगळ्यांचेच मामा. कच्छच्या रणात पहिल्यांदा जाऊन आले तेव्हापासून पोरं त्यांना रणमामा म्हणतात. मामींचं म्हणणं असं की या नावाशी कच्छचा काही संबंध नाही, कपाटाची किल्ली जागेवर नसली तरी हा माणूस रण पेटवतो.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. बाहेरगावच्या वाचकाला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र आठवतं. नाशिकमध्ये प्रेस म्हणजे सिक्युरिटी प्रेस. देशाचे पासपोर्ट तिथे छापले जातात. मामा मोजणीत होते. कोरे पासपोर्ट मोजायचे, शंभराचे गठ्ठे करायचे, पुन्हा मोजायचे आणि सुटी झाली की गेटवर झडती देऊन घरी यायचं. साऱ्या देशाला परदेशी जाण्याची सोय ह्यांच्या अंगठ्याखालून गेली आणि स्वतः मामा तीस-पस्तीस वर्षं तिवंधा ते नाशिकरोड एवढाच प्रवास करत राहिले. निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर स्वतःचा पासपोर्ट काढला. तो घेऊन ते फलोदीला गेले, भुजला गेले, जैसलमेरला गेले. या गावांना पासपोर्ट लागत नाही हे त्यांना माहीत आहे. पण लॉजवाल्याने ओळखपत्र मागितलं की आधार कार्ड खिशात असूनही ते पासपोर्टच पुढे करतात, आणि तो परत देताना त्या माणसाला थांबवून म्हणतात, "जरा कागद हात लगाके देखो." जैसलमेरच्या एका लॉजवर त्यांनी शेजारच्या खोलीतल्या पुण्याच्या दोन मुलींचे पासपोर्टही मागून घेतले, अंगठ्याने पानं फर्रकन उडवली आणि "पानं बरोबर आहेत" असं सांगून परत केले. मुली त्याच दिवशी दुसऱ्या लॉजवर गेल्या.

मोजण्याची सवय जात नाही. खांब, झरोके, उंट, सगळं मोजतात. मोजताना ओठ हलत नाहीत; उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर बारीक सरकत राहतो.

मामा विमानात बसत नाहीत. गाडी, बस, जीप, उंट, ट्रकच्या केबिनमधली जागा, काही चालेल, पण जमिनीवरून. त्यांचा लाडका शब्द आहे 'मधलं'. "अरे लेका, जोधपूर काय, जैसलमेर काय, ती असतातच. मजा मधल्याची. विमानात मधलंच कापलं जातं." म्हणून ठक्कर बाजारातून सुरतची लाल गाडी धरायची, सापुताऱ्याच्या घाटात पोट सांभाळायचं, सुरतेला गाडी बदलायची, असं करत करत ते दोन दिवसांनी जिथे पोचतात तिथे विमानवाले दुपारच्या जेवणाला पोचलेले असतात. ग्रुप टूरवाल्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. धोरडोच्या तंबूंच्या गावाजवळून जाताना त्यांनी तिकडे पाठ केली होती म्हणे. मामींनी विचारलं, "म्हणजे तंबूचे दर विचारून झाल्यावर ना?" मामा काही बोलले नाहीत.

मामी बरोबर का जात नाहीत, हा प्रश्न नवीन माणूस विचारतो. मामींचं उत्तर ठरलेलं: "वाळू बघायला दोन दिवस प्रवास? गंगेवर काय कमी वाळू होती? ती नेणाऱ्यांनी नेली, आता उरलीय तेवढी हे बघायला चाललेत."

या दोघांचं खरं युद्ध पांडवलेण्यात झालं. मामांनी मामींना मुद्दाम लेणं चढायला लावलं. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तिथे उभं राहून मामांनी सांगितलं की हा उषवदात उत्तमभद्रांच्या मदतीला मालवांवर चालून गेला, मग थेट पुष्करात जाऊन स्नान केलं आणि हे सगळं इथे नाशिकला दगडात कोरून ठेवलं. "बघ! एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकचा माणूस राजस्थानात जाऊन आला. विमान होतं का तेव्हा?"

मामींनी शांतपणे विचारलं, "एकटा गेला होता?"

"सैन्य होतं बरोबर. पण ते..."

"आणि पुष्करात काय दिलं त्याने?"

"तीन हजार गाई. आणि एक गाव."

"तुम्ही?"

मामांनी पुष्करात एक्कावन्न रुपये दिले होते, तेही पंड्याने एकशे एक मागितल्यावर घासाघीस करून. हे मामांनीच आल्या-आल्या कौतुकाने सांगितलेलं. पण मामी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. माहिती सांगणारा एक तरुण पलीकडे कॉलेजच्या पोरांना समजावत होता, तो काय सांगतो ते त्यांनी कान देऊन ऐकलं: याच उषवदाताने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले होते. दोन हजार महिना एक टक्क्याने, एक हजार पाऊण टक्क्याने. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागवायचा आणि मुद्दल कधीच परत मागायचं नाही.

उतरताना दोनशेव्या पायरीच्या आसपास मामी म्हणाल्या, "ऐकलंत? मुद्दलाला हात लावायचा नाही, असं दगडात कोरलंय. तुम्ही ग्रॅच्युइटीच्या मुद्दलावर उंटावर बसताय."

त्यानंतर मामांनी घरात उषवदाताचं नाव घेणं बंद केलं. गल्लीत घेतात.

मामांची तयारी बघण्यासारखी असते. आदल्या रात्री वाड्याच्या ओसरीत खाकी झोळी पसरते. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकुटाची डबी, सुती दोरी, मेणबत्ती, दाढीचं सामान आणि फिरकीचा तांब्या. हा तांब्या त्यांच्या वडिलांचा. पितळी, पोटाला एक पोचा, झाकणाला आटे, आणि गळ्याखाली टिंबाटिंबांनी ठोकलेलं वडिलांचं नाव. त्यातलं शेवटचं अक्षर घासून घासून गेलेलं. वडील तो पंढरपूरला नेत. पूर्वी बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या हातात असा तांब्या असायचाच. आता जुन्या नाशकातल्या भांडी बाजारातही तो शोधावा लागतो. तांब्यात पाणी न्यायचं असतं, पण मामींनी हुकूम काढला की तो गळतो. मग त्यात चिवडा जातो. नाशिकचा कांदा चिवडा, गळ्यापर्यंत दाबून.

हा तांब्या खावड्याच्या पुढे सीमा सुरक्षा दलाच्या चौकीवर उतरवला गेला. जीपमधले बाकीचे लोक ओळखपत्र दाखवून मोकळे झाले. मामांना जवानाने नुसतं "आइए" म्हटलं आणि मामांनी खाली उतरून दोन्ही हात वर केले, पाय फाकवले आणि डोळे मिटून घेतले. प्रेसच्या गेटची सवय. आता जो माणूस न सांगता झडतीला उभा राहतो त्याची झडती घेणं भागच असतं. झोळीतून तांब्या निघाला.

"इसमें क्या है?"

"चिवडा."

"खोलिए."

झाकण उघडेना. आट्यांत रणातली बारीक खारट धूळ बसली होती. मामांनी जोर लावला, दातओठ खाल्ले, जवानाने जोर लावला, त्याचा साथीदार आला. तांब्या गुडघ्यांत धरला, झाकणाला रुमाल गुंडाळला. तिसरा जवान, हा हरियाणाचा आणि दंडाने मामांच्या मांडीएवढा, तो म्हणाला की जरा दूर व्हा. मामा दूर झाले. इतर प्रवासी त्याहून दूर झाले. जीपवाल्याने जीपच मागे घेतली. मोठा कर्र आवाज झाला, झाकण फिरलं आणि तळलेल्या कांद्याचा वास चौकीभर पसरला.

पुढचा अर्धा तास कुणी काही बोललं नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा जवानांनी मामांना मग भरून चहा दिला, भिरंडियाऱ्याचा मावा दिला आणि एकाने हातातला मोबाइल मागून घेऊन मामांचा फोटो काढला: मागे रण, पुढे एकटे मामा.

त्याच फेरीत मामा काळ्या डुंगरावर चढले. कच्छमधली ही सगळ्यांत उंच जागा आणि वर दत्ताचं देऊळ. मामा दत्तभक्त, गुरुवार चुकवत नाहीत. तिथे आरतीनंतर पुजारी थाळी वाजवत प्रसादाचा भात चौथऱ्यावर ठेवतो आणि रानातून कोल्हे येऊन तो खाऊन जातात. दत्ताने भुकेल्या कोल्ह्यांना स्वतःचं अंग देऊ केलं, अशी तिथली कथा. मामा भारावून बघत होते. अंगठा तर्जनीवर सरकत होता, सात, आठ, नऊ; तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"गॅसचा नंबर लावलाय का?"

कोल्हे पळाले. पुजाऱ्याने मामांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मामा अजून विसरलेले नाहीत.

लखपत मात्र मामांना खरोखर लागलं. लागलं म्हणजे मनाला लागलं. एकेकाळी रोज लाख कोरींची उलाढाल व्हायची म्हणून हे नाव, असं तिथे सांगतात. फतेह मुहंमदाने 1801 साली बांधलेला सात किलोमीटरचा तट आजही उभा आहे, पण आत गाव नाही. 1819च्या भूकंपात जमीन उचलली गेली, सिंधूच्या फाट्याचं पाणी तुटलं, बंदर गेलं, मग व्यापारी गेले. मामा तटावरून चालत गेले, बुरूज मोजले, खाली कोरड्या खाडीकडे बघत बसले. आल्यावर चार दिवस ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. मग अजरखपूरचं सांगायला लागले. धमडक्याचं पाणी 2001च्या भूकंपानंतर बिघडलं, तेव्हा अजरख छापणाऱ्या खत्री मंडळींनी भुजजवळ जागा घेऊन नवं गावच वसवलं, कारण अजरखला पाणी चांगलं लागतं. "म्हणजे बघ, पाणी सरकलं की गाव सरकतं. नाशिकचंही एक दिवस..."

"आपली गंगा कुठे सरकतेय?" मामी आतून म्हणाल्या. "रामकुंडाला तळापासून काँक्रीट ओतलंय. तिनं म्हटलं तरी हलता येणार नाही तिला."

मागच्या जानेवारीत मामा फलोदीला गेले. 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदवलं गेलं ते हे गाव. मामांना तिथे थंडीने पडसं झालं. पण त्यांना बघायचं होतं जवळचं खीचन: तांबड्या दगडाच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या आणि हिवाळ्यात हजारोंनी उतरणारे करकोचे. गावातली मंडळी त्यांना रोज धान्य टाकतात. तिथे त्यांना कुरजां म्हणतात. मामांनी मोजायला सुरुवात केली. शंभराचे गठ्ठे पाडत पाडत अठराव्या गठ्ठ्यापर्यंत आले आणि सगळा थवा एकदम उठला. मामांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सकाळी तीन वेळा उठला. "मोजणीत असं झालं असतं तर रात्रपाळी लागली असती," मामा म्हणाले.

मग ते हवेल्यांकडे वळले. बहुतेकांना कुलपं. एका ओट्यावर म्हातारा रखवालदार उन्हात बसला होता. मामांचं हिंदी चांगलं आहे, असं मामांचं मत आहे. "ये सेठ लोग किदर रहते?"

"दिसावर," म्हातारा म्हणाला.

मामांनी झोळीतून नकाशा काढला आणि दिसावर शोधायला लागले. जोधपूर जिल्हा पाहिला, बिकानेर पाहिला, नागौर पाहिला. म्हाताऱ्याने तेवढ्यात सेठजींचं कौतुक सुरू केलं: फार मोठा माणूस, त्यांनी साऱ्या गावाला शिक्षा दिली. मामांचा चेहरा पडला. "सबको? बच्चों को भी?" बच्चों को तो पहले, म्हातारा अभिमानाने म्हणाला. सेठजींनी शाळा बांधली होती, हे उलगडायला दहा मिनिटं गेली. त्यानंतर दिसावर उलगडलं. दिसावर हे गाव नव्हे. घर सोडून व्यापाराला जिथे जायचं तो लांबचा मुलूख म्हणजे दिसावर. पिढ्यान् पिढ्या इथली माणसं दिसावरी जातात, हवेली बांधायला आणि पोरांची लग्नं करायला परत येतात.

"तो आपके सेठ का दिसावर किदर है?"

म्हाताऱ्याने दक्षिणेकडे हात केला. फार लांब. पाण्याचा मुलूख, तिथे कांदा पिकतो. लासलगाव. नासिक जिल्ला.

मामा ओट्यावर बसले. दोन दिवस, तीन वाहनं आणि एक पडसं करून ते जगाच्या टोकाला पोचले होते, आणि त्या टोकाला बसलेल्या माणसाच्या लेखी जगाचं टोक म्हणजे निफाड तालुका.

म्हाताऱ्याने चहा मागवला. संध्याकाळपर्यंत बातमी फलोदीच्या बाजारात पोचली होती. हा बाजार निवडणुकीच्या सट्ट्यासाठी देशभर माहीत आहे. तिथल्या दोन-तीन जणांनी मामांना गादीवर बसवून नाशिकच्या जागेचा कल विचारला, मग लासलगावचा कांद्याचा भाव विचारला. मामांना दोन्ही माहीत नव्हतं. त्यांनी मामींना फोन लावला. मामींनी रविवार कारंजावरचा किरकोळ भाव सांगितला, वर नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांचं दोन मिनिटांत सांगून टाकलं. गादीवरच्या माणसाने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "बहनजी कब आएँगी?"

परत आल्यावर मामांनी ही गोष्ट गल्लीत सांगितली, आणि इथेच त्यांची चूक झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं किराणा दुकान आहे ते शेठ फलोदीकडचेच. तीस वर्षं मामा त्यांच्याकडून साबुदाणा घेतात, पण विचारावं असं कधी वाटलं नव्हतं. आता शेठजी मामांना स्टूल देतात.

परवा मामा पुन्हा निघाले. मी सोडायला ठक्कर बाजारला गेलो. मामांच्या खाकी झोळीशेजारी शेठजींनी दिलेली बेदाण्यांची पाच किलोंची पिशवी होती, रखवालदाराला द्यायची. लासलगावच्या सेठजींनी माणसाकरवी पाठवलेलं कागदपत्रांचं पुडकं होतं आणि हवेलीच्या मागच्या दाराचं नवं कुलूप होतं. चौकीवरच्या जवानांसाठी चिवड्याचे चार पुडे होते. खावडा या खेपेच्या वाटेवर नव्हतं, पण मामा म्हणाले, वळून जाऊ. रिकामी पत्र्याची पेटी येताना भरायची होती आणि यादी मामांच्या खिशात होती: वाड्यातल्या चौघींच्या बांधण्या, कुणाची मथानियाची मिरची, कुणाची केर-सांगरी, पाटबंधारेवाल्यांना बिकानेरी पापड. मामींनी स्वतःचं काही सांगितलं नव्हतं. फक्त, फलोदीच्या त्या गादीवाल्यांनी वहीत काय लिहून घेतलं ते बघून या, म्हणाल्या होत्या.

कंडक्टरने पेटीवर टिचकी मारली, पिशव्या मोजल्या आणि लगेजचं तिकीट फाडायला काढलं.

"काका, हे सगळं तुमचं एकट्याचं?"

"छे हो," मामा पाय उचलून पायरीवर ठेवत म्हणाले, "मी एकटा आहे. सामान गल्लीचं आहे."